सरकारी खोलीतला भाडेकरू

नीरा डाव्या कालव्याच्या कडेकडेने बारामतीहून इंदापूरकडे निघालं की सरकार या मुलखात घरमालक म्हणून किती ठिकाणी उभं आहे ते दिसत जातं. पाटबंधारे खात्याच्या जुन्या वसाहती, पोलीस लाइन, तहसील आणि पंचायत समितीच्या कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स, नगरपालिकेच्या खोल्या. आणि पुढे कळंब-वालचंदनगर, रत्नपुरीच्या भोवती उसाच्या पट्ट्यात विखुरलेल्या शेती महामंडळाच्या कामगारांच्या वाड्या. राहणारे सगळे वेगवेगळे, मालक मात्र या ना त्या रूपात शासनच. उद्या या घरांतल्या कुणाच्या दारावर ‘जागा खाली करा’ अशी नोटीस लागली, तर त्याच्या बाजूने कायदा किती उभा राहतो, हा या लेखाचा प्रश्न.

आपल्याकडे एक समज पक्का बसलेला आहे: इतकी वर्षं राहिलो, भाडं भरलं, आता आपल्याला कोण काढतंय? खासगी वाड्यातल्या भाडेकरूच्या बाबतीत या समजाला आधार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मध्ये संमत झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. या कायद्याने त्या भाडेकरूला बरंच काही दिलं. भाडं थकलं तरी मालकाला आधी लेखी मागणी करावी लागते आणि त्यानंतर ९० दिवस थांबल्याशिवाय त्यासाठी दावा लावता येत नाही. भाडेवाढ वर्षाला ४ टक्क्यांची. मालकाने दुरुस्ती केली नाही, तर नोटीस देऊन भाडेकरू ती स्वतः करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत खर्च वळता करून घेऊ शकतो. पाणी किंवा वीज तोडून छळता येत नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं आणि ते खोटं पाडण्याचं काम मालकाचं. भाडेकरू वारला, तर सोबत राहणाऱ्या कुटुंबाकडे भाडेहक्क जातो.

याच कायद्याचं कलम ३ म्हणतं की शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना हा अधिनियम लागू नाही. वर सांगितलेली सगळी कवचं एका वाक्यात गळून पडतात, आणि नगरपालिकेची खोलीही त्या वाक्यातून सुटत नाही. त्या कलमाचा पुढचा भाग मी वकिलांना आणि विद्यार्थ्यांना नेहमी मुद्दाम वाचायला सांगतो. शासनाने एखाद्याचा वाडा कचेरीसाठी भाड्याने घेतला असेल, तर तिथे मात्र कायदा लागू होतो. म्हणजे शासन भाडेकरू असताना त्याला संरक्षण आहे आणि शासनाच्या भाडेकरूला ते नाही. याच्या समर्थनार्थ जे काही म्हटलं जातं ते मी पुढे देणार आहे, पण मला हा भेद कधीच पटलेला नाही.

ही सूट १९९९ ची नव्हे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यातही ती होती आणि मुंबईच्या हाउसिंग बोर्डाच्या एका भाडेकरूने तिला थेट सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. खासगी मालकाचा भाडेकरू आणि बोर्डाचा भाडेकरू यांत फरक का, हा समानतेच्या हक्काचा भंग नाही का, असा त्याचा सवाल. १९५४ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. शासन, स्थानिक संस्था आणि गृहनिर्माण मंडळ नफेखोरीसाठी घरं बांधत नाहीत, लोकांना रास्त भाड्यात घर मिळावं हाच त्यांचा उद्देश असतो, म्हणून त्यांना वेगळं काढणं योग्य आहे, असा त्यामागचा विचार. त्या काळाचा विश्वास त्यात आहे आणि तो विश्वास खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: ही सूट मालक चांगलाच वागणार या गृहीतकावर उभी आहे. गृहीतक डळमळलं की सूटही डळमळायला हवी.

तो धागा न्यायालयानेच पुढे १९८९ मध्ये उचलला. मुंबई बंदराच्या विश्वस्त मंडळाने जागेतून काढलेल्या एका पेढीचं ते प्रकरण, द्वारकादास मारफतिया विरुद्ध पोर्ट ट्रस्ट. भाडे कायद्यातून सूट मिळाली म्हणजे सार्वजनिक मालकाला मनमानीचा परवाना मिळाला असं नव्हे, असं न्यायालयाने सांगितलं. भाडेकरूला काढण्याचा निर्णयसुद्धा राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ च्या कसोटीवर तपासता येतो. तो वाजवी हवा, लोकहिताचा हवा. ती पेढी स्वतः हरली, कारण निर्णय मनमानी होता हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर होता आणि तो तिला पेलला नाही. तत्त्व मात्र राहिलं. २००४ मध्ये याच बंदराच्या जागांच्या भाडेवाढीबाबत न्यायालयाने तेच धोरण पुढे नेलं: सार्वजनिक मालकाने बाजारात मिळेल तेवढं ओरबाडायचं नसतं. सरकारी भाडेकरूचं आजचं सगळ्यात भक्कम संरक्षण हेच आहे. अडचण एवढीच की ते उच्च न्यायालयात रिट अर्ज करून मागावं लागतं, आणि इंदापूरच्या वाडीतून मुंबईचं उच्च न्यायालय फार लांब आहे.

गावपातळीवर ज्याच्याशी गाठ पडते तो कायदा दुसराच: १९५५ चा मुंबई शासकीय जागा (निष्कासन) अधिनियम. सरकारी घरात राहणाऱ्या प्रत्येकाने तो माहीत करून घ्यावा. यात न्यायालयाची पायरी नाही. शासनाने नेमलेला सक्षम अधिकारीच आधी विचारतो, मग ठरवतो. दोन महिन्यांहून जास्त भाडं थकलं, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवला, जागेची नासधूस केली, वाटपाची अट मोडली, वाटप संपल्यावरही राहिला, किंवा शासनाला ती जागा दुसऱ्या कामासाठी हवी झाली, यांपैकी काहीही कारण पुरतं. आदेश निघाला की तो दारावर चिकटवला तरी बजावला असं होतं आणि जागा एक महिन्यात सोडायची. नाही सोडली तर बळाचा वापर करून काढता येतं, आणि थकलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. खासगी मालकाला जिथे दाव्याच्या आधीच तीन महिने थांबावं लागतं, तिथे शासनाचं सगळं काम तेवढ्यात उरकू शकतं.

या कायद्यालाही आव्हान दिलं गेलं. सामान्य दिवाणी दावा की ही झटपट कारवाई, यांतली निवड अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणं घटनाबाह्य आहे, असं १९६७ मध्ये पंजाबच्या अशाच एका कायद्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं. पण १९७४ मध्ये मगनलाल छगनलाल प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ती भूमिका सोडून दिली आणि मुंबई महापालिकेच्या तरतुदींबरोबर आपला १९५५ चा कायदाही वैध ठरवला. तेव्हापासून हा वाद मिटल्यात जमा आहे.

मग भाडेकरूच्या हातात काय उरतं? कारणे दाखवा नोटीस आणि तिला दिलेलं उत्तर. लोक नेमकी हीच पायरी हातची घालवतात. नोटीस आली की कुणी साहेबांना भेटतं, कुणी पुढाऱ्याकडे जातं, कुणी घाबरून घरात दडवून ठेवतं. लेखी उत्तर मुदतीत देणारे थोडे. वास्तविक पुढचं सगळं, म्हणजे कायद्यातलं अपील असो की उच्च न्यायालयातलं रिट, त्या उत्तरावर उभं राहतं. मी भाडं भरलं, ही पावती. माझं वाटपपत्र अमुक तारखेचं. जागेची गरज आहे म्हणता, पण शेजारच्या खोल्या रिकाम्या पडल्या आहेत. हे सगळं त्या कागदावर आलं नाही, तर पुढे ते नव्याने सांगायला फारशी जागा मिळत नाही. ऐकून न घेता आदेश काढला, कारणं दिली नाहीत, नोटिशीत एक आणि आदेशात भलतंच, एवढ्यावर आदेश मोडू शकतो. म्हणून सुनावणीला जाताना वकील नसला तरी कागद हवेत, आणि दिलेल्या प्रत्येक कागदावर पोच हवी.

दिवाणी न्यायालयाची वाट अरुंद आहे आणि तिच्यावर आणखी दोन अडसर आहेत. शासनावर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची आगाऊ नोटीस द्यावी लागते. तातडी असेल तर न्यायालयाची परवानगी घेऊन ती टाळता येते. दुसरा अडसर कमी लोकांना ठाऊक आहे. कायदेशीर मार्ग सोडून कुणी तुम्हाला घराबाहेर काढलं, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत झटपट ताबा परत मागता येतो, मालकी सिद्ध न करता. पण याच कलमात लिहिलं आहे की असा दावा शासनाविरुद्ध चालणार नाही. गरिबाला सगळ्यात सोपा पडणारा उपाय तेवढा मालक शासन असला की बंद.

रेल्वे, टपाल, बीएसएनएल अशा केंद्राच्या घरांना १९७१ चा सार्वजनिक जागांचा कायदा लागतो. तिथे इस्टेट ऑफिसर असतो आणि त्याच्या आदेशावर १२ दिवसांत जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येतं. एका स्वतंत्र न्यायाधीशाची नजर तरी पडते, एवढं त्याचं बरं. २०१९ च्या दुरुस्तीने मात्र नोकरीपुरत्या दिलेल्या निवासस्थानांसाठी नोटिशीची मुदत तीन दिवसांवर आणली.

नोकरीतल्या क्वार्टरबद्दल थोडक्यात. पोलीस, तलाठी, पाटकरी, नर्स यांचं नातं भाडेकरूचं नसतंच. कायद्याच्या भाषेत तो परवाना असतो, नोकरीला बांधलेला. बदली झाली, निवृत्ती आली की परवाना संपतो आणि मग दंडनीय दराने भाडं सुरू होतं. ते ग्रॅच्युइटीतून कापायचं का, यावर बरंच भांडण झालं. २००५ मध्ये ओएनजीसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशी वजावट मान्य केली. म्हणून निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली असताना घराची सोय करणं आणि क्वार्टर सोडताना ताबा दिल्याची पोच घेणं, याला पर्याय नाही. तोंडी ‘किल्ली दिली’ म्हणून भागत नाही.

आता या सगळ्या चौकटीत न बसणारी माणसं. इंदापूर तालुक्यात हा प्रश्न खऱ्या अर्थाने जिवंत आहे तो शेती महामंडळाच्या वाड्यांत.

गोष्ट मागून सुरू होते. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आल्यावर या भागात ऊस शक्य झाला. कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांनी साखर कारखाना उभा केला आणि वालचंदनगर वसलं. कारखान्याला लागणारी जमीन आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून खंडाने घेतली गेली, ते खंडकरी. त्या शेतीवर राबायला दुष्काळी भागातून माणसं आली आणि मळ्यामळ्यावर त्यांच्या वाड्या बसल्या. पुढे १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला. खासगी साखर कारखान्यांची शेती शासनाकडे गेली आणि ती सलग ठेवून कसण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झालं. हरेगाव, टिळकनगर, सदाशिवनगर, रत्नपुरी अशा चौदा मळ्यांचा हा पसारा. जमिनीबरोबर माणसं आणि त्यांच्या खोल्याही नव्या मालकाकडे आल्या.

महामंडळ तोट्यात गेलं, कामं आटली, कामगार घरी बसले. खंडकऱ्यांच्या वारसांनी पिढ्यान्‌पिढ्या लढा दिला, कायद्यात दुरुस्त्या झाल्या आणि २०१२ नंतर जमिनी परत मिळू लागल्या. तो न्याय होता, उशिरा का होईना. पण त्या वाटपात जमीन कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, म्हणून त्याला काहीच नाही. दोन गुंठे जागा आणि घरकुल, ही महामंडळाच्या कामगारांची जुनी मागणी आहे. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. हजारो एकर कसलेल्या माणसाने मागितलेलं हे माप आहे, आणि ते लिहिताना माझा हात अडखळतो.

या खोलीत राहणारा कायद्याने कोण? प्रश्न पुस्तकी वाटेल, पण सगळं त्यावर ठरतं. जमीन शासनाची आणि खोलीही शासनाची म्हटली, तर भाडे कायदा नाही, १९५५ चा कायदा किंवा जमीन महसूल संहितेचं कलम ५३ पुढे येतं. पण महामंडळ ही कंपनी कायद्याखाली नोंदलेली, शासनाच्या मालकीची कंपनी आहे. शासनाची कंपनी म्हणजे शासन नव्हे. खोली कंपनीची ठरली, तर कलम ३ मधली शासनाला दिलेली सूट तिला मिळते का, असा युक्तिवाद करता येतो. तरीही नोकरीसोबत दिलेल्या जागेचा ताबा नोकरी संपल्यावर परत मागण्याची सोय भाडे कायद्याच्या कलम २२ मध्ये आहेच. म्हणजे वाट सोपी कुठलीच नाही. पण कोणत्या वाटेने जायचं हे जागेच्या कागदावरून ठरतं, आणि वाडीतल्या माणसाने आयुष्यात तो कागद पाहिलेला नसतो.

कंपनी असण्याचा आणखी एक परिणाम आहे आणि तो दोन्ही बाजूंनी चालतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४५२ प्रमाणे कंपनीची मालमत्ता अडवून ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला दंड होतो, आणि न्यायालयाने ठरवलेल्या मुदतीत ती परत केली नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मृत कर्मचाऱ्याचे वारसही यात येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये जुन्या कायद्याखाली सांगितलेलं आहे. विधवेच्या दारावर हे कलम दाखवलं की ती घाबरणारच. पण २०२० च्या दुरुस्तीने त्यात एक परंतुक आलं: कंपनीने त्या कर्मचाऱ्याचा भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी किंवा मृत्यू-अपंगत्वाची भरपाई दिलेली नसेल, तर राहत्या घराचा ताबा ठेवला म्हणून कैद देता येणार नाही. माझ्या मते या साऱ्या विषयात अलीकडे झालेली ही सगळ्यात माणुसकीची तरतूद आहे. घर आणि देणी यांचा हिशेब एकत्र झाला पाहिजे, हे तिने पहिल्यांदा कायद्याच्या भाषेत मान्य केलं. देणी थकलेल्या प्रत्येक कामगाराने ती नोटिशीच्या उत्तरात लिहावी.

दुरुस्तीचं काय? जुनी कौलं, खचलेल्या भिंती, पावसात गळणारं छत. महामंडळ म्हणतं जागा आमची, म्हणून राहणारा पैसे घालायला बिचकतो. आणि मालक दुरुस्ती करत नाही. खासगी भाडेकरूला भाड्यातून खर्च कापण्याचा हक्क आहे, इथे तो नाही. ग्रामपंचायतीकडे गेलं तर घरकुलासाठी जागा नावावर हवी. जागा विकत घ्यायला मदत देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे, पण बागायती पट्ट्यात जागा मिळायला हवी ना. विजेपुरती वाट मोकळी आहे: विद्युत अधिनियम २००३ चं कलम ४३ मालक किंवा भोगवटादार असं दोघांनाही जोडणी मागू देतं, आणि मालकाने संमती दिली नाही एवढ्यावरून भोगवटादाराला अंधारात ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

एक विसंगती मला फार बोचते. सरकारी जमिनीवर ज्याने अतिक्रमण केलं, त्याचं अतिक्रमण नियमित करण्याची सोय महसूल संहितेच्या कलम ५१ मध्ये आहे. ते योग्यच आहे, बेघराने जायचं कुठे. पण ज्याला शासनाने स्वतः आणून बसवलं, त्याच्यासाठी तशी वाट कायद्यात लिहिलेली नाही. परवानगीने आलेला माणूस परवानगीवाचून आलेल्यापेक्षा दुबळा.

मुंबईत मात्र वाट काढली गेली. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी शंभर वर्षांपूर्वी सरकारनेच बांधल्या. तिथल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतल्या भाडेकरूला पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर देण्याचं ठरलं, आणि सेवानिवासात राहणाऱ्या पोलिसांसाठीही बांधकाम खर्चात घराची वेगळी योजना झाली. सफाई कामगारांसाठी राज्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना आहे; दीर्घ सेवेनंतर घर नावावर करून देण्याचं तत्त्व तिने स्वीकारलं आहे. म्हणजे शासनाला हे करता येतं. मुंबईत जमिनीला भाव आहे म्हणून ते घडलं आणि रत्नपुरीत नाही म्हणून अडलं, असं असेल तर तो भाडेकरूचा हक्क नव्हे, जमिनीच्या भावाचा योगायोग आहे.

ब्रिटनमध्ये नगर परिषदांच्या घरांतल्या भाडेकरूंची स्थिती १९८० पर्यंत साधारण आपल्यासारखीच होती. परिषद चांगली मालक असते, तिला कायद्याने बांधायला नको, हाच तिथलाही युक्तिवाद. त्या वर्षीच्या गृहनिर्माण कायद्याने ते संपवलं: न्यायालयाच्या आदेशाशिवाय काढता येणार नाही, कारणं कायद्यात लिहिलेली असतील, जोडीदाराला हक्क पुढे मिळेल. त्याच कायद्याने घरं विकत घेण्याचा हक्कही दिला आणि त्यातून परिषदांकडची घरं घटली, तो भाग आपण उचलू नये. आपल्याकडे केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडे कायद्याचा मसुदा राज्यांना पाठवला. त्यातही शासनाच्या मालकीची घरं वगळलेलीच आहेत. ७० वर्षांपूर्वीचं गृहीतक तसंच पुढे सरकलं.

बारामतीत आणि इंदापुरात तालुका विधी सेवा समित्या आहेत. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. वाड्यांमधली बहुतेक घरं यात बसतील. माहिती अधिकारात तीन गोष्टी आधी मागाव्यात: खोली ज्या गटात आहे त्याचा सातबारा, वाटपाचा मूळ आदेश किंवा कामगाराच्या सेवापुस्तकातली राहण्याची नोंद, आणि त्या कामगाराच्या न दिलेल्या देण्यांचा तपशील. मिळालं नाही, तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं लेखी उत्तर तरी घ्यावं. ज्या खात्याकडे स्वतःच्या वाटपाचा कागद नाही, त्याला राहणाऱ्याला अनधिकृत ठरवताना अडचण येते.

आणि शासनाने करायचं काम त्याहून अवघड नाही. वाडीवाडीत जाऊन खोलीनिहाय मोजणी करायची. प्रत्येक खोलीवर राहणाऱ्याचं नाव, तो किंवा त्याचे आईबाप कधी आले, किती वर्षं मळ्यावर राबले, काय देणं बाकी आहे, हे लिहायचं. नवऱ्याच्या नावाखाली बायकोचंही नाव घालायचं. मग त्याची एक प्रत सही-शिक्क्यानिशी त्या घरात द्यायची. जमीन खंडकऱ्यांना परत करताना गटागटाची अशी मोजणी झालीच होती. त्या वेळी मोजणीदार याच वाड्यांवरून गेले, याच खोल्यांच्या सावलीत बसून पाणी प्यायले.